चिमूटभर तंबाखू, नखभर चुना

डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घ्यायची, डबीतला चुना नखाने काढून तिच्यावर टाकायचा, उजव्या अंगठ्याने मिनिटभर मळायचं, वरून दोन-तीन थापा मारून भुकटी उडवायची आणि उरलेला बार खालच्या ओठामागे किंवा दाढेच्या कडेला धरायचा. ऊसतोडीच्या फडात, एसटी स्टँडवर, बांधकामाच्या साइटवर, कचेरीच्या जिन्याखाली हा प्रकार इतका रोजचा आहे की त्यात चुना कशाला लागतो, हे कुणी विचारत नाही. खाणाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, बिनचुन्याच्या तंबाखूला किक नाही. त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्यामागचं रसायनशास्त्र समजलं की ही सवय का लागते आणि का सुटत नाही, याचा अर्धा उलगडा होतो.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तोंडात तंबाखू धरणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. तरीही तंबाखूच्या दुष्परिणामांचं चित्र काढायचं म्हटलं की आपण सिगारेट काढतो. आपल्याकडची तंबाखू धूर न काढता काम करते, म्हणून तिचंच काम आधी पाहू.

चुन्याचं काम

तंबाखूतला मेंदूवर चालणारा पदार्थ म्हणजे निकोटिन. त्याचा रेणू दोन रूपांत असतो. आम्लाच्या सान्निध्यात तो विद्युतभारित होतो आणि पाण्यात सहज विरघळतो, पण पेशींची आवरणं स्निग्ध असल्यामुळे त्यांतून आरपार जाऊ शकत नाही. अल्कलीच्या सान्निध्यात त्याचा भार निघून जातो, आणि या मुक्त रूपातलं निकोटिन गालाच्या आतल्या पातळ अस्तरातून थेट रक्तात उतरतं. सामू (पीएच) ८ च्या आसपास असला की निम्मं निकोटिन मुक्त असतं. लाळेचा सामू सातच्या जवळ असतो, म्हणजे नुसत्या तंबाखूतलं जेमतेम दहा टक्के निकोटिन मुक्त रूपात असतं. सामू ९ वर नेला की हाच आकडा नव्वदीत जातो. विरी गेलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, चांगलाच तीव्र अल्कली. नखभर चुना मळला की तीच पुडी, तेवढीच चिमूट, पण रक्तात उतरणारा माल कितीतरी जास्त.

तंबाखू गिळून का खात नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. जठरातल्या आम्लात निकोटिन भारित होतं आणि तिथून फारसं शोषलं जात नाही. पुढे आतड्यातून जे शोषलं जातं ते आधी यकृतात जातं आणि त्यातलं बरंचसं तिथेच मोडतं. गालातून गेलेलं निकोटिन हा फेरा चुकवतं. ओढलेल्या सिगारेटमधलं निकोटिन फुफ्फुसातून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. बारातलं सावकाश चढतं आणि रक्तातली पातळी अर्ध्या तासाच्या आसपास कळसाला जाते. हे चढणं संथ असलं तरी एका बारातून शरीरात उतरणारं एकूण निकोटिन अनेकदा एका सिगारेटपेक्षा जास्त भरतं, आणि बार थुंकल्यावरही ते बराच वेळ रक्तात राहतं.

झाडाचं विष आणि माणसाचा मेंदू

तंबाखूचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांबरोबर ते भारताच्या किनाऱ्यावर आलं आणि दख्खनेत लवकर रुजलं. अकबराच्या दरबारात ते पोचलं ते विजापूरहून. १६०४-०५ च्या सुमारास आदिलशाहीत वकिलीवर गेलेल्या असद बेगने परतताना तंबाखू बरोबर नेली होती. जहांगीरने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही.

झाड निकोटिन बनवतं ते माणसासाठी नव्हे. ते मुळांत तयार होतं, पानांत साठवलं जातं आणि पान कुरतडणाऱ्या किड्याच्या चेतासंस्थेवर हल्ला करतं. नैसर्गिक शेती करणारे शेतकरी मिरची, लसूण, कडुनिंब आणि गोमूत्राबरोबर तंबाखू उकळून अग्निअस्त्र करतात, ते याच गुणामुळे. कापसावर फवारलं जाणारं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशकही निकोटिनच्याच धर्तीवर चालतं. किड्याच्या चेतासंस्थेत ज्या ठिकाणी हे विष बसतं, त्याच जातीची ठिकाणं माणसाच्या मेंदूत आणि स्नायूंतही आहेत.

जर्मनीत हायडेलबर्ग इथे पोसेल्ट आणि रायमान यांनी १८२८ मध्ये निकोटिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. पुढे केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी त्याचा उपयोग शरीराचा एक मोठा नियम शोधायला केला. कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन घातलं की स्नायू आखडतो, आणि त्या स्नायूकडे येणारी चेता कापून टाकली तरीही आखडतो, हे त्यांना दिसलं. म्हणजे निकोटिन चेतेवर नव्हे, स्नायूतल्याच कशावर तरी काम करत होतं. १९०५ मध्ये लँगलींनी त्याला ग्राही पदार्थ म्हटलं. आज जवळजवळ प्रत्येक औषधाचं काम ग्राहींच्या भाषेत सांगितलं जातं, आणि त्या कल्पनेच्या मुळाशी तंबाखूतलं हे विष आहे.

हे ग्राही मुळात असतात ॲसिटिलकोलिन या शरीरातल्याच निरोप्यासाठी. ग्राही हे कुलूप मानलं तर ॲसिटिलकोलिन ही त्याची खरी किल्ली आणि निकोटिन ही बाहेरून आलेली नकली किल्ली, जी लागतेही आणि लवकर निघतही नाही. ॲसिटिलकोलिन आपलं काम झालं की क्षणात मोडलं जातं. निकोटिन मोडणारी यंत्रणा चेतापेशींच्या जोडावर नाही. ते काम यकृताचं, आणि रक्तातलं निकोटिन निम्म्यावर यायला सुमारे दोन तास लागतात.

तलफ कशी घडते

मध्यमेंदूतल्या काही पेशींवर निकोटिन बसलं की त्या मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन सोडतात. डोपामिनला सरसकट आनंदाचं रसायन म्हणतात, पण त्याचं मुख्य काम शिकवण्याचं आहे: आत्ता जे केलं ते लक्षात ठेव, पुन्हा कर. जेवण, पाणी, माणसांचा सहवास या जगण्याला लागणाऱ्या गोष्टींसाठी ही यंत्रणा घडली. तंबाखू तिला फुकट चालवते. मेंदू मग नुसती तंबाखू शिकत नाही, तिच्या आजूबाजूचं सगळं शिकतो: जेवणानंतरचा चहा, कामाची सुटी, पुडी काढणारा दोस्त, तळहातावरच्या थापेचा आवाज. वर्षभर तंबाखू सोडलेल्या माणसाला लग्नाच्या मांडवात एकदम तलफ येते ती या शिकवणीमुळे.

दुसरीकडे, ग्राही सतत उघडे राहिले की काही काळ बधिर होतात आणि पेशी भरपाई म्हणून आणखी ग्राही तयार करतात. जुन्या खाणाऱ्याच्या मेंदूत या ग्राहींची संख्या न खाणाऱ्यापेक्षा जास्त असते. पहिल्यांदा तंबाखू खाणाऱ्याला गरगरतं, मळमळतं, घाम फुटतो. महिन्याभराने त्याच चिमटीने काही होत नाही. मग चिमूट वाढते, दिवसातले बार वाढतात. आणि निकोटिन उतरलं की हे सगळे जास्तीचे ग्राही रिकामे राहतात. चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष न लागणं, झोप बिघडणं सुरू होतं. बार भरला की पाच मिनिटांत डोकं शांत होतं. खाणारा म्हणतो, तंबाखूने टेन्शन जातं. बहुतेक वेळा ते टेन्शन आधीचा बार उतरल्यामुळेच आलेलं असतं.

रात्रीच्या झोपेत निकोटिन जवळपास उतरून जातं, ग्राही पुन्हा जागे होतात, म्हणून दिवसातली पहिली चिमूट सगळ्यात गोड लागते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ फागरस्ट्रॉम यांनी व्यसनाची खोली मोजायला जी प्रश्नावली तयार केली, तिच्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे: उठल्यावर किती वेळात पहिली लागते? पाच मिनिटांच्या आत, असं उत्तर आलं तर व्यसन खोल आहे.

या कसोटीवर मशेरी तपासून पाहा. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून केलेली ही पूड राज्यातल्या असंख्य बायका सकाळी उठल्या उठल्या दातांना लावतात. दात दुखत होता म्हणून लावली, आईची पाहून लावली, अशी सुरुवात. निकोटिन थोडं बधिर करतं, त्यामुळे दुखण्याला उतार पडल्यासारखा वाटतो. पुढे मशेरी लावल्याशिवाय परसाकडे होत नाही, डोकं जड राहतं, घासणं दिवसातून दोनदा, मग चारदा होतं. तंबाखू खाता का, या प्रश्नाला यातल्या कितीतरी जणी मनापासून नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी हे दात घासणं आहे. मशेरी लावता का, असं वेगळं विचारल्याशिवाय ही सवय डॉक्टरच्या कागदावर येत नाही.

खाणारे सांगतात ते खोटं नाही

तंबाखूने भूक मरते, हे खरं आहे. भूक आवरणाऱ्या मेंदूतल्या पेशींना निकोटिन चेतवतं. पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या ऊसतोड मजुराला किंवा दुपारच्या डब्यावर दिवस काढणाऱ्या गवंड्याला त्याचा उपयोग होतो. पोट साफ होतं, हेही खरं. निकोटिन आतड्याची हालचाल वाढवतं. झोप उडते, कामात जोर येतो, कारण ॲड्रिनलिन सुटतं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो.

या उपकारांची किंमत मात्र शरीर त्याच वेळी मोजत असतं. ॲड्रिनलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाला जास्त दाबाविरुद्ध जास्त वेगाने काम करावं लागतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका न चघळणाऱ्यांच्या दुपटीहून थोडा जास्त दिसला. गरोदरपणात निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोचतं. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांची माहिती घेऊन केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि दिवस भरण्याआधी प्रसूतीचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं.

अडकवणारा एक, मारणारे दुसरे

इतकं असूनही कर्करोगाचं मुख्य खापर निकोटिनवर फोडता येत नाही. ते माणसाला तंबाखूशी बांधून ठेवतं. पेशींची नासाडी करणारे पदार्थ निराळे आहेत. पान वाळवताना आणि मुरवताना त्यातल्या निकोटिनसारख्या अल्कलॉइडांवर नायट्राइटची क्रिया होऊन नायट्रोसामाइन तयार होतात. त्यातले एनएनएन आणि एनएनके हे दोन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहेत. पेशीत त्यांचं रूप बदलतं आणि ते डीएनएला चिकटतात. मशेरीत भाजण्यामुळे बेंझोपायरीनसारख्या धुरातल्या विषांची भर पडते. चुना गालाचं अस्तर रोज थोडं थोडं भाजतो. बार नेहमी जिथे धरला जातो, नेमका तिथेच पांढरा चट्टा उठतो आणि पुढे पुष्कळदा तिथेच गाठ होते. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग आज सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत पहिला आहे.

हे दोन दोष वेगळे आहेत, याचा पुरावा स्वीडनमध्ये मिळतो. तिथे स्नूस नावाची ओली तंबाखू ओठाखाली धरतात. ती मुरवण्याऐवजी वाफेवर तापवलेली असल्यामुळे तिच्यात नायट्रोसामाइन फार कमी असतात. स्नूसचं व्यसन आपल्या तंबाखूइतकंच पक्कं लागतं, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका आपल्याकडच्या प्रकारांच्या मानाने पुष्कळ कमी दिसतो.

आपल्याकडे उलट आणखी एक गुन्हेगार त्यात येतो: सुपारी. विदर्भातला खर्रा, नगर-सोलापूरकडचा मावा आणि राज्यभरचा गुटखा या सगळ्यांत ती मुख्य असते. बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घासून केलेला खर्रा गडचिरोली-चंद्रपूरकडे पोरंसोरंही खातात. सुपारीतलं ॲरेकोलिन स्वतः तरतरी आणतं आणि तिचीही सवय लागते. शिवाय ते गालाच्या अस्तराखाली तंतू वाढवतं, आणि सुपारीतलं तांबं त्या तंतूंची वीण आणखी घट्ट करतं. गाल ताठर होतो, तिखट झोंबू लागतं, तोंड उघडणं कमी कमी होत जातं. या फायब्रोसिसवर पूर्ण उतारा नाही. सुपारी थांबवली की वाढ रोखता येते, पण गेलेला मऊपणा सहसा परत येत नाही, आणि काहींमध्ये पुढे कर्करोग होतो. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे कुणालाही घरी पाहता येतं. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरकडे जाण्यात दिवस घालवू नये. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारकांच्या त्याच पहिल्या गटात आहे, त्यामुळे साध्या सुपारीला निर्धोक मानण्यात अर्थ नाही.

तंबाखूच्या जोडीला दारू असेल तर तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. सोडण्याच्या बाबतीत मात्र दोघींत एक फरक लक्षात ठेवायला हवा. दारू मेंदूला शांत ठेवणाऱ्या आणि चेतवणाऱ्या अशा दोन्ही यंत्रणांचा तोल बदलते, त्यामुळे रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, वात होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी. तंबाखू एका झटक्यात सोडली तर त्रास होतो, जिवाला धोका नसतो.

बंदी, पुड्या आणि च्युइंगम

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटख्यावर बंदी घातली. खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन मिसळता येत नाही, हा त्या बंदीचा आधार. बाजाराने लगेच उत्तर काढलं: पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, आणि मिसळण्याचं काम गिऱ्हाइकाकडे. खर्रा तर टपरीवर डोळ्यांदेखत घासून मिळतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ ही दारू-तंबाखूविरोधी मोहीम जिल्हाभर चालली आहे. गावाने ठरवून विक्री थांबवणं हा तिचा एक भाग. मेंदूच्या बाजूनेही ते पटतं: समोर पुडी नसेल, थापेचा आवाज नसेल, तर शिकलेली तलफ जागी होण्याचे प्रसंगच कमी होतात.

सोडण्याच्या औषधाची गोष्टही चघळण्यातूनच निघाली आहे. १९६० च्या दशकात स्वीडनच्या पाणबुड्यांत सिगारेट ओढता येत नसे, म्हणून खलाशी तंबाखू चघळत. हे पाहून शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लेस लुंडग्रेन यांनी ओव्हे फेर्नो या औषधशास्त्रज्ञाला सुचवलं की निकोटिन धुराशिवाय देता येईल. त्यातून निकोटिनचं च्युइंगम तयार झालं. गंमत अशी की लाळेत निकोटिन मुक्त व्हावं म्हणून त्या गममध्ये कार्बोनेटसारखा अल्कली घालावा लागतो, म्हणजे आपल्या चुन्याचंच सौम्य काम. निकोटिन तेच, पण नायट्रोसामाइन नाहीत, सुपारी नाही, भाजणारा चुना नाही. अडकवणारा आणि मारणारे वेगळे करता येतात, या गोष्टीचा हा सरळ उपयोग.

हे गम गोळीसारखं चघळत सुटायचं नसतं. तोंडात चुरचुर लागेपर्यंत हळू चावायचं, मग गालात धरून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. आधी पंधरा मिनिटं आणि चघळताना चहा-कॉफी, थंड पेय किंवा लिंबू सरबत नको, कारण आम्लाने निकोटिन पुन्हा भारित होतं आणि पोटात जातं. गम कमी पडत असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हॅरेनिक्लीन मिळतं. ते त्याच ग्राहींवर अर्धवट काम करतं, तलफ शमवतं आणि वरून खाल्लेल्या तंबाखूची मजा कमी करतं.

सोडण्याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं आहे. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड आणि बेचैनी पहिल्या आठवड्यानंतर ओसरू लागते आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक उतरते. वाढलेले ग्राही दीड ते तीन महिन्यांत न खाणाऱ्याच्या पातळीवर येतात, असं सिगारेट सोडणाऱ्यांच्या मेंदूचित्रणात दिसलं आहे. एकेक तलफ काही मिनिटांत जाते. पाणी पिणं, बडीशेप चघळणं, जागेवरून उठून चालणं तेवढ्या वेळापुरतं पुरतं. परिस्थितीने शिकवलेली तलफ सगळ्यात उशिरा जाते, म्हणून पहिले काही महिने पुडीवाल्या मित्रांबरोबरचा चहा टाळलेला बरा.

स्वतःच्या बळावर एका प्रयत्नात सिगारेट कायमची सोडणारे शंभरात पाचच्या आसपासच निघतात. तंबाखूची तऱ्हा फार वेगळी नाही. दोनदा सोडून तिसऱ्यांदा खाणारा म्हणूनच नालायक ठरत नाही. बहुतेकांना अनेक खेपा लागतात. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८०० ११ २३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक मोफत आहे आणि जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्तीसाठी समुपदेशक बसतात. घरातल्यांनी पहिले तीन आठवडे सोडणाऱ्याची चिडचिड स्वभावाची न मानता आजाराची मानली, गम किंवा औषधाचा खर्च पुडीच्या खर्चाशी ताडून पाहिला आणि घसरल्यावर टोमणा न मारता पुढची तारीख ठरवली, तर पुढची खेप आधीच्या खेपेपेक्षा लांब टिकण्याची शक्यता वाढते.